कोयत्याचं तेल

विमानांच्या कामावर होते असं सांगितलं की लोक आधी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळतात आणि मग धीर करून विचारतात, "म्हणजे हवाई सुंदरी होता का?" माझा रंग, माझं नाक आणि माझे हे चिरलेले हात बघून असा प्रश्न विचारणाऱ्याचं मला कौतुकच वाटतं. मी चाकांवर होते. चाकं, टायर, ट्यूब, ब्रेक, बास. विमान म्हटलं की जगाची मान वर जाते, माझी आयुष्यभर खालीच राहिली. आता गुडघे बोलायला लागलेत. परभणीत स्टेशनकडच्या दोन खोल्यांत एकटी राहते, आणि रस्त्यानं जाताना अजूनही माणसाचं तोंड बघायच्या आधी त्याच्या गाडीचा टायर बघते. टायर गुळगुळीत झालेला दिसला तर ओळख असो नसो, थांबवून सांगते. त्यामुळं गल्लीत माझं फारसं कुणाशी जमत नाही.

आमचं गाव पोखर्णीच्या वाटेला, काळ्या रानाच्या मधोमध वर आलेल्या एका मुरमाड माळाच्या पायथ्याशी. त्या माळावर धावपट्टी होती. ती कुणी केली याबद्दल गावात जितकी तोंडं तितक्या कथा. कुणी म्हणे निजामाच्या वेळची, कुणी म्हणे कुण्या मंत्र्याच्या लेकीच्या लग्नाला पाहुणे उतरावेत म्हणून घाईघाईनं केलेली. मला कळायला लागलं तेव्हा तिथं पत्र्याचं मोठं शेड उभं होतं आणि बाहेरगावची पोरं विमान शिकायला यायची. दोन माणसं बसतील असं एक इंजिनाचं विमान आणि दोन ग्लायडर, एवढाच कारभार. ग्लायडरला इंजिन नसतं. विमान त्याला दोरानं बांधून वर ओढत नेतं आणि सोडून देतं, मग ते घारीसारखं आपलं आपण गरगरत खाली येतं. डोक्यावरून जाताना त्याचा फक्त सूं असा आवाज यायचा, आणि माळावर बाकी काहीच आवाज नसल्यामुळं तो लांबपर्यंत ऐकू यायचा. हद्दीला कुंपण नव्हतं. चुना फासलेले दगड ओळीनं मांडलेले होते, तीच हद्द. माणसं ती पाळायची. मेंढरांना चुन्याचं काय पडलंय?

मेंढरांमुळंच मी तिथं गेले. आमची पंधरा-वीस मेंढरं होती, ती एकदा दगड ओलांडून आत शिरली आणि त्यांच्यामागं मी. शेडच्या तोंडाशी हबीबमामू एका ग्लायडरपाशी उभा राहून स्वतःशीच शिव्या घालत होता. मामू तिथला मेकॅनिक. राहायला परभणीत, रोज लुनावर यायचा. त्याचा एक गुडघा कधीतरी मोडून नीट न बसलेला, त्यामुळं त्याला उकिडवं बसता येत नसे. इंजिनाचं काम उभ्यानं होतं, पण ग्लायडरचं चाक म्हणजे पोटाखाली एकच, आणि तेही अर्धं पोटात शिरलेलं. त्याच्यासाठी माणसाला जमिनीशीच जावं लागतं. मामू मला म्हणाला, "ए बेटी, मेंढरं नंतर हाक. इकडं बस, त्या चाकात काय घुसलंय बघ." मी बसले. सराटा घुसला होता. माळावर पावसाळ्यानंतर सगळीकडं सराट्याचे काटे असतात, आणि मेंढरांच्या खुरातून ते काढायला माझ्या ओढणीच्या टोकाला कायम एक सुई खोचलेली असायची. त्याच सुईनं काढला. मामूला माझ्या अकलेची नाही, गुडघ्यांची गरज होती, आणि हे त्यानं कधी लपवलंही नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यानं मला पुन्हा बोलावलं, तिसऱ्या दिवशी मी न बोलावता गेले.

त्याच्याकडून मी पहिली गोष्ट शिकले ती ही, की आधी हवा आणि मग नट. विमानाचं चाक म्हणजे दोन पराती पाठीला पाठ लावून नटबोल्टांनी आवळाव्यात तसं असतं, आणि त्यावर टायर. टायर बदलायचा तर बोल्ट काढून त्या पराती वेगळ्या करायच्या. पण आत हवा असताना बोल्ट सैल केले तर पराती उडतात आणि समोर जो असेल त्याचं तोंड फोडतात. मामूच्या हनुवटीवर त्याची खूण होती. "हवा सोडली?" असं तो विचारायचा. सोडली म्हटलं की म्हणायचा, "फिरसे सोड." टायर आणि लोखंड यांच्यावरून तो लाल रंगाची एक रेघ ओढायचा, बाईच्या भांगातल्या सिंदुरासारखी म्हणून तिला मांग म्हणायचा. टायर आपल्या जागेवरून घसरला की ती रेघ तुटलेली दिसते, आणि रेघ तुटली म्हणजे आत ट्यूबचा गळा आवळला जायला लागलाय असं समजायचं. रोज सकाळी शेडमध्ये शिरलं की मी आधी सगळ्या मांगा बघायची. मग हवा, मग टायरला चिरा, मग ब्रेकच्या नळीला कुठं लाल तेलाचा थेंब आलाय का ते. मला ते काम आवडत होतं. आवडत होतं म्हणजे किती, हे तेव्हा मला सांगता आलं नसतं. आज सांगते की त्याच्यासारखं मला नंतर कशातच रमता आलं नाही.

घर आमचं एका खोलीचं. चूल, तिच्या शेजारी कोनाडा, कोनाड्यात देव आणि करडीच्या तेलाची बाटली. माय ज्वारीची भाकरी थापायची तेव्हा तिच्या बांगड्यांचा आवाज आणि भाकरीचा आवाज एका तालात यायचा. अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी दिलेलं करडीचं तेल, आणि ठेचा. त्या तेलाला एक कडवट वास असतो. आता दुकानात मिळणाऱ्या तेलाला कसलाच वास येत नाही, सगळं कसं पाण्यासारखं. आढ्याला कोयते टांगलेले असायचे. पावसाळाभर ते तिथं लटकायचे आणि माय अधूनमधून खाली काढून त्यांना तेलाचं फडकं फिरवायची, गंज चढू नये म्हणून. दसरा जवळ आला की बा दगडावर कोयत्यांना धार लावायला बसायचा. तो आवाज सुरू झाला की मी समजायची, आता ही दोघं जाणार. दसरा झाला की मुकादमाचा ट्रॅक्टर यायचा आणि अर्धं गाव त्यात बसून ऊस तोडायला पश्चिमेकडं निघून जायचं, ते उन्हाळ्यात परत. मेंढरं चुलत्याकडं जायची. मी लहान असताना त्यांच्याबरोबर पाचटाच्या खोपीत राहिले, उसाच्या चिपाडांवर झोपले. मला तिकडं परत जायचं नव्हतं.

त्या वर्षी बा वेगळ्याच विचारात होता. ऊसतोडीत एकट्या माणसाला कुणी धरत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. त्यामुळं पोरगी जरा उंच झाली की तिचं लग्न करून एक नवा कोयता तयार करायचा, अशी आमच्याकडची रीत. चारठाण्याकडचं एक स्थळ आलं होतं. पोराला बायको हवी होती म्हणण्यापेक्षा मुकादमाला कोयता हवा होता.

"दसऱ्याच्या आत अक्षता टाकून मोकळं हूत," बा म्हणाला. "आपल्यासंगंच यील मग तिबी."

माय चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली, "ती कामाला जायलीय की."

"चाकं पुसाय जायलीय. ते काय काम हाय का?"

"साहेब कायम करतो मनलाय. दसऱ्यापस्तोर बगतो मनला."

"आन न्हाई केलं तर? आमी तिकडं, ही इथं एकटी. कसं ठिवायचं पोरीला एकटं घरात, तूच सांग."

बा काही दुष्ट नव्हता. त्याला खरंच भीती वाटत होती, आणि ती भीती अगदीच खोटी होती असंही नाही. शेवटी दोघांत असं ठरलं की शेडच्या कॅप्टन साहेबांनी मला कायम केलं तर मी राहायचं, नाहीतर चारठाण्याला होकार कळवायचा, मला बरोबर न्यायचं आणि अक्षता तिकडंच टाकायच्या. कॅप्टन साहेब पुण्याकडचे, शिकवायचे तेच आणि कारभारही त्यांचाच. फार बोलत नसत. त्यांनी सांगितलं होतं की दसऱ्याला सांगतो. त्या दिवसांत मी चाकं इतकी पुसली की मामू म्हणाला, "बस कर, पत्रा झिजेल."

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. कुणाचं हत्यार नांगर, कुणाचं वजनकाटा. आमचं कोयते. मायनं घोंगडी अंथरून त्यावर ते ओळीनं मांडले, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. मग ताट उचललं आणि मला म्हणाली, "चल, तुजं हत्यार कुठं हाय दाव." मी नको नको म्हणत होते. पण शेडमध्येही त्या दिवशी पूजा असायचीच. विमानाच्या पंख्याला झेंडूचा हार मामूनं स्वतः घातला होता, कॅप्टन साहेब पेढे वाटत होते. माय पहिल्यांदाच दगडांच्या आत आली. पदर डोक्यावरून पुढं ओढून, ताट दोन्ही हातांत धरून ती विमानाच्या जवळ गेली आणि थेट खाली बसली. वर बघितलंच नाही तिनं. "ह्येच का?" म्हणाली. डावीकडचं चाक. मी हो म्हटलं. तिनं टायरला हळद-कुंकू लावलं, फूल ठेवलं, नारळ फोडला, आणि पुटपुटत पोखर्णीच्या नरसिंहाला काहीतरी बोलली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण मला माहीत होतं. मामूनं तिच्या हातून खोबऱ्याचा तुकडा घेतला आणि कपाळाला लावून खाल्ला. तेवढ्यात साहेबांनी मला पेढ्यांचं ताट पोरांकडं न्यायला सांगितलं म्हणून मी गेले. परत आले तेव्हा माय पदराला हात पुसत उभी होती आणि तिचं तोंड इतकं समाधानी होतं की मला हसू आलं.

दसऱ्याच्या सकाळी मी कामावर गेले नाही. घरी भाकऱ्या थापायच्या होत्या, गाठोडी बांधायची होती. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर येणार होता. हात पिठात होते पण कान माळावर. विमानाचा आवाज मला पाठ झाला होता. वर जातानाचा जड, वरून फिरतानाचा बारीक, उतरताना इंजिन मंद केल्यावरचा फटफट. त्यानंतर टायर टेकल्याचा चीं असा लहानसा आवाज वाऱ्यावर यायचा आणि मग शांत. त्या दिवशी चीं आला, आणि शांत व्हायच्या ऐवजी लांबलचक खरवडल्यासारखा आवाज आला, त्याच्यामागून फांद्या मोडल्याचा. मी तशीच पिठाच्या हातांनी पळत सुटले. माय माझ्यामागं.

विमान धावपट्टी सोडून उजवीकडच्या तुरीत घुसलं होतं आणि त्याचा एक पंख बाभळीला जाऊन टेकला होता. पंखाचं टोक कागदासारखं दुमडलेलं. साहेब आणि एक शिकाऊ पोरगा बाहेर उभे होते. कुणाला काही लागलेलं नव्हतं, पण साहेबांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. मी कुणाला काही न विचारता चाकांपाशी बसले. उजव्या टायरवर एका जागी रबर खरवडून पांढरं झालेलं होतं, म्हणजे तो ब्रेक घट्ट धरला होता आणि चाक फिरायचंच थांबलं होतं. डाव्याला काहीच नाही. डावा ब्रेक लागलाच नव्हता. एका बाजूचा ब्रेक धरतो आणि दुसऱ्या बाजूचा सुटतो तेव्हा विमान धरलेल्या बाजूला गर्रकन वळतं. मी डाव्या चाकामागं हात घातला. तिथं लोखंडाची एक तबकडी असते, चाकाबरोबर फिरणारी, तिलाच ब्रेकची अस्तरं दोन्हीकडून चिमट्यासारखी धरतात. तबकडी तापलेली होती, बोटं पिवळी झाली आणि वास आला. कडवट. आमच्या घरातला वास. त्या क्षणी मला सगळं समजलं, आणि मी बोटं तशीच मुठीत धरून बसून राहिले.

नवरात्रात पाऊस पडला होता, विमान बरेच दिवस जागेवर उभं होतं. तशी तबकडी उभी राहिली की तिच्यावर गंजाचा तांबूस पापुद्रा धरतो. त्याचं काही नसतं, दोनदा ब्रेक दाबला की तो खरवडून जातो. आम्हाला ते माहीत होतं. मायला काय माहीत असणार? तिला लेकीच्या हत्यारावर गंज दिसला. कोयत्यांसाठी काढलेली तेलाची बाटली ताटातच राहिली होती. तिनं हळदीच्या बोटांनी फडकं तेलात बुडवलं आणि ती तबकडी लख्ख करून टाकली. दुसऱ्या चाकापाशी टायरांचा ढीग होता, तिकडं तिला बसायला जागा मिळाली नाही, आणि बाटलीतलं तेलही संपलं होतं. निघताना ब्रेक दाबून बघतात तेवढ्यापुरता तो लागला. उतरल्यावर जोरात दाबला तेव्हा तेलावरून घसरला.

साहेबांनी माझ्याशेजारी वाकून तबकडीवर बोट फिरवलं, पिवळं तेल बघितलं. "हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "चाकाला कुणी हात लावला?"

मी तोंड उघडायच्या आत मागून माय बोलली. "मी लावला."

"काय लावलंत?"

"तेल. गंज चढला हुता. कोयत्याला लावताव तसं लावलं."

मामू लंगडत पुढं आला. "साब, सकाळी चाकं मी बघितली. हळद-कुंकू दिसलं, म्हटलं पूजेचं आहे, आजच्या दिवस पुसायचं कसं. आत वाकून बघितलं नाही. माझ्या समोर पूजा झाली, खोबरं मी खाल्लं. नजर माझी चुकली, ह्या माऊलीची नाही."

"ह्या पोराला काही झालं असतं," साहेब त्या शिकाऊ पोराकडं हात करून म्हणाले, "तर त्याच्या आईला मी काय सांगितलं असतं? पूजा केली होती म्हणून?"

माझ्या डोळ्यांपुढं ट्रॅक्टर उभा राहिला, चारठाणा उभं राहिलं. मायला ते माझ्या आधी दिसलं असणार. ती दोन पावलं पुढं आली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "साहेब, पोरीचा काई गुन्हा न्हाई. तिला ठाऊकबी नव्हतं. तिला ठिवा. मला काय बोलायचं ते बोला."

साहेबांनी रुमाल काढून बोट पुसलं. ते वाईट होते असं मी आजही म्हणणार नाही. शेवटी म्हणाले, "मुलीला ठेवतो. कायम करतो. पण घरचं माणूस इथं पाऊल टाकणार नाही. कुणीही. कधीही. कबूल आहे?"

"न्हाई येत," माय म्हणाली. एका क्षणात म्हणाली, जणू भाजीचा भाव तिला पटला. मग तिनं वाकून पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि तुरीतून, मग पट्टीच्या कडेनं चालत पांढऱ्या दगडांपर्यंत गेली. दगडांच्या पलीकडं गेल्यावर तिनं चपला पायात घातल्या. देवळातून बाहेर पडताना माणूस करतो तसं.

संध्याकाळी बाला सगळं कळलं. मला वाटलं आता तो चारठाण्याचंच नाव काढणार. तो भिंतीला टेकून तंबाखू मळत बसला होता. मग म्हणाला, "येवढं इमान मोडलं तरी ठिवतो मनला का तुला?"

"कायम करतो म्हणाले."

"मग काम पक्कं हाय," बा म्हणाला. "कच्चं असतं तर आजच हाकललं असतं." त्याचं गणित असं सरळ असायचं. चारठाण्याला नकार गेला. सकाळी ट्रॅक्टर आला, गाठोडी चढली, कोयते चढले. मायनं मला दार आतून कसं लावायचं ते दाखवलं, जसं काही मी त्या घरात पाहुणी होते. चाकाचा विषय तिनं काढला नाही. ट्रॅक्टर निघाल्यावर मी रस्त्यावर उभी राहिले, धूळ बसेपर्यंत. जे हवं होतं ते मला मिळालं होतं. आत गेले आणि मायनं दाखवलं तसं दार लावून घेतलं.

ऊसतोडीच्या दिवसांतलं गाव ज्यानं बघितलं नाही त्याला ते सांगून समजायचं नाही. घरोघर कुलपं. मागं राहिलेली म्हातारी माणसं दिवसभर ओट्यावर ऊन खात बसलेली, कुणाला हाक मारावी तर त्यांना ऐकू येत नाही. मी संध्याकाळी माळावरून यायची तेव्हा आमच्या गल्लीत एकच चूल पेटायची, माझी. पहिले काही दिवस हाताच्या सवयीनं तीन भाकऱ्या थापल्या जायच्या, उरलेल्या शेजारच्या म्हातारीच्या शेळीला घालायची. मग एकच थापायला लागले, आणि एका भाकरीसाठी पीठ मळायचं म्हणजे काय दुःख असतं ते मला तेव्हा कळलं. शेडमध्येही माझं कुणी नव्हतं. शिकाऊ पोरं मला चाकवाली म्हणायची, तेही आपसात. ती मेसमध्ये जेवायची, मी शेडच्या मागं. मामू बोलायचा, पण दुपारी नमाज आणि डबा झाला की डोळे मिटून पडायचा आणि ऊन उतरलं की लुनाला किक मारून परभणीला जायचा. लुनाचा आवाज मेला की टिटवी ओरडायची, मग तीही थांबायची.

विमान दुरुस्त होईपर्यंत मामूनं मला तो ब्रेक पुन्हा बांधायला बसवलं. तबकडी धुऊन कोरडी केली, ती वाचली. अस्तरं मात्र त्यानं काढून फेकून दिली. "तेल प्यालेलं अस्तर कितीबी धू," तो म्हणाला, "गरम झालं की तेल परत वर येतं." मी फेकलेल्यातलं एक उचललं, बोटभर रुंदीचं काळं अस्तर, आणि घरी आणून कोनाड्यात ठेवलं. थंडीत जेव्हा फार एकटं वाटायचं तेव्हा ते चुलीच्या कडेला ठेवायची. मामू खोटं बोलत नव्हता. जरा वेळानं तेल वर यायचं, आणि जळक्या रबरासारख्या वासाच्या आतून करडीचा कडवट वास यायचा, हळदीचा यायचा. मी गुडघ्यांवर हनुवटी टेकून तिथंच बसायची. कुणी बघितलं असतं तर पोरीला झपाटलंय म्हणालं असतं. बघायला होतंच कोण?

मायनं दिलेला शब्द तिनं पुढं जन्मभर पाळला. दोन-तीन वर्षांत ते साहेब गेले, दुसरे आले, त्यांना तर असं काही ठरलं होतं हे माहीतसुद्धा नव्हतं. गावची पोरं दगडांच्या आत क्रिकेट खेळायची. माय माझा डबा घेऊन यायची ती दगडांपाशी थांबायची. मी कितीदा म्हटलं, अगं आता कुणी काही म्हणत नाही. ती म्हणायची, "मी कबूल केलंय." पुढं ते सगळं बंद पडलं, मी दुसऱ्या गावांच्या शेडांत चाकं करत फिरले, माय गेली. मागच्या उन्हाळ्यात रिक्षा करून माळावर जाऊन आले. शेडचे पत्रे गेलेत, पट्टीला भेगा पडून त्यांत गवत उगवलंय. दगड आहेत. चुना नाही, पण ओळ कळते. मी ओलांडले तेव्हा मला आपलं उगीचच मागं वळून बघावंसं वाटलं.

पण मला लिहायचं आहे ते त्या पहिल्या वर्षीच्या उन्हाळ्याचं. ऊस संपला होता, आज येतील उद्या येतील अशी वाट बघून मी वाट बघायची सोडली होती. दुपारची वेळ. चाकाच्या आतल्या छर्‍यांना नवं ग्रीस भरून मी डावं चाक पुन्हा जोडून ठेवलं होतं, विमानाला बसवायचं तेवढं बाकी होतं. मामू म्हणाला, "बाहेर बघ, कोण आलंय." पांढऱ्या दगडांच्या पलीकडं माय उभी होती. काळी पडलेली, हडकलेली, हातात गुळाची पुडी. हाक मारत नव्हती, हात करत नव्हती. तशीच उन्हात उभी. किती वेळापासून, कुणास ठाऊक. मला पळत जायचं होतं, पण गेले नाही, कारण मला आठवलं की ती आत येणार नाही आणि मी कुठं काम करते ते ती पुन्हा कधी बघणार नाही. मी मामूकडं बघितलं. मामूनं चाकाकडं बघितलं आणि म्हणाला, "ने. खड्ड्यात घालू नको."

मी चाक उभं केलं आणि हातानं ढकलत, पोरं टायर पळवतात तसं, पट्टीच्या कडेनं तिच्यापर्यंत घरंगळत नेलं. दगडापाशी आल्यावर थांबवलं. चाक अलीकडं, माय पलीकडं. ती माझ्या तोंडाकडं न बघता आधी चाकाकडंच बघायला लागली. बघताना तिनं गुळाची पुडी काखेत धरली आणि दोन्ही हात पाठीमागं नेले.

"तेच का गं?"

"तेच."

"चलायलंय का नीट?"

"नीट चालतंय."

"गंज हाय की जरासा," ती तबकडीकडं वाकून म्हणाली, आणि लगेच सरळ झाली, हात मागंच. "असू दे. मी काई न्हाई करत."

मी दगडावरून हात घालून तिचा एक हात पुढं ओढला. तळव्याला उसाच्या पात्यांनी बारीक बारीक चिरा पडल्या होत्या, काही भरलेल्या, काही ओल्या. "माय, ह्या लोखंडाला तेल नको," मी म्हटलं, "पण हे रबर आहे. ह्याला हात लावलेला चालतो."

तिनं हात सोडवून घेतला. पदराला पुसला. उलटा करून बघितला, बोटांच्या फटीत बघितलं, नाकापाशी नेऊन वास घेतला आणि परत पुसला, मघापेक्षा जोरात. मग हात माझ्यापुढं धरून म्हणाली, "बघ बरं, कुठं तेल हाय का."

मी बघितलं. "नाही."

"आता लावू?"